भिलाईत खाडीचं पाणी

भिलाईहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. नळाला येतं ते शिवनाथेच्या खोऱ्यातलं गोडं पाणी. तरीही कोकणच्या खाडीतली काळुंदर इथल्या दिवाणखान्यात सुखाने पोहू शकते. तिला हवं निमखारं पाणी.

स्वयंपाकघरातलं मीठ मात्र चालणार नाही. त्यात समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं. मत्स्यालयाच्या दुकानातलं समुद्री मीठच घ्या. समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. आपल्याला 10 ग्रॅम पुरेत. म्हणजे 100 लिटरला एक किलो. मीठ आधी बादलीत विरघळवा, क्लोरीन काढा आणि हायड्रोमीटरने घनता मोजा. ती 1.006च्या आसपास हवी. तळाला शिंपल्यांचा चुरा घातला, की पाणी आम्लधर्मी होत नाही.

मासे लगेच सोडू नका. फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, तेही तितकंच खारं.

आता आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात टाकीची पातळी भराभर उतरते. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं, म्हणून घट भरून काढताना गोडंच पाणी घाला. इथेच बहुतेकांची गफलत होते! गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या.

चिखलात उड्या मारणारी निवटी कितीही गोड वाटली, तरी सुरुवातीला नकोच. तिला पाण्याइतकीच ओली जमीनही लागते, शिवाय घट्ट झाकण.