आधी ग्रंथपालाला भेटा
(वासंतिक व्याख्यानमालेतील भाषण, लेखरूपात)



पीएच.डी. करणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या ग्रंथपालाशी पहिल्यांदा केव्हा बोलतो? माझं निरीक्षण सांगतो: प्रबंध लिहून झाल्यावर. कारण प्रबंधाला साम्य-तपासणीचा दाखला जोडावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. म्हणून हा खिडकीशी येतो आणि विचारतो, "सर, किती टक्के आलं?" एवढ्या वर्षांत त्याने तिथे विचारलेला हा पहिला प्रश्न.

त्याआधी तो ग्रंथालयात फिरकलाच नव्हता असं नाही. रोज येत होता. पंख्याखालची जागा धरून स्वतःच्याच वह्या वाचत होता. ग्रंथालय म्हणजे अभ्यासिका, ही समजूत आपल्याकडे स्पर्धा परीक्षांनी पक्की केली. त्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना जागा, उजेड आणि शांतता हवी असते. संशोधकाचं एवढ्यावर भागत नाही. त्याचा प्रश्न अजून कच्चा असतो, आणि तो नीट करायला जाणकार माणूस लागतो.

एक विषय घेऊन बोलू या. समजा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने 'पुण्यातला 1897 चा प्लेग' हा विषय घेतला. ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाई 10 मार्च 1897 ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. तेव्हा विषय घरचाच. ती संगणकावर ग्रंथालयाची सूची उघडते आणि रोमन लिपीत 'पुणे' आणि 'प्लेग' असे शब्द टाकते. हाती येतं ते थोडकं. ती निष्कर्ष काढते की या विषयावर काम झालेलंच नाही. मार्गदर्शकही खूश: संशोधनाला मोकळं रान!

रान मोकळं नसतं, शब्द चुकलेला असतो. त्या काळच्या इंग्रजी कागदांत हे शहर 'पूना' आहे. कित्येक अहवालांच्या मथळ्यांत शहराचं नावच नाही, 'मुंबई इलाखा' आहे. मराठी पुस्तकांची नावं सूचीत रोमन लिपीत उतरवली असली, तर ऱ्हस्व-दीर्घ, 'व'साठी व्ही की डब्ल्यू, असे आणखी घोळ. हे सूचीत रोज वावरणाऱ्याला तोंडपाठ असतं. आपल्याला त्यात महिना घालवावा लागतो.

आता हीच मुलगी सुरुवातीलाच संदर्भ विभागात गेली असती तर? चांगला ग्रंथपाल पुस्तक काढून देण्याआधी उलट विचारतो: तुला रोगाचा इतिहास लिहायचाय, कारभाराचा, की वर्तमानपत्रांचा? या तीन प्रश्नांच्या तीन वेगळ्या वाटा आहेत. कारभार म्हटलं की 1897 चा साथरोग कायदा, रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याची प्लेग समिती, आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात जनरल डिपार्टमेंटच्या प्लेगविषयक फायली. रोग म्हटलं की हाफकिनची लस आणि भारतीय प्लेग आयोगाचे खंड. ब्रिटिश भारतातल्या रोगराईचे असे पुष्कळ सरकारी अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत. पुण्यात बसून एडिंबरातलं कपाट उघडता येतं, पण तसं कपाट आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. आणि वर्तमानपत्रं म्हटलं, तर 'केसरी'चे जुने अंक आहेतच; त्यांच्या पलीकडे जायचं तर दाते, काळे, बर्वे यांनी केलेली मराठी नियतकालिकांची सूची हाताशी हवी. 1800 ते 1950 या काळातल्या नियतकालिकांचा तो शोध आहे. शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची 1800 पासून 1950 पर्यंतच्या पुस्तकांचा ठाव देते. मराठीत संशोधन करणाऱ्याने दाते उघडले नसतील, तर मी त्याचा प्रबंध उघडत नाही. हे थोडं कडक झालं, पण राहू द्या.

पुस्तक सापडलं तरी काम संपत नाही. ब्रिटिश भारतातल्या साथींवरचं डेव्हिड अरनॉल्ड यांचं 1993 चं पुस्तक हाती आलं, की मुलं प्लेगचं प्रकरण वाचतात आणि मिटतात. तळटीपा वाचा! त्या मागे नेतात, मूळ फायलींपर्यंत. मग पुढे जा: त्या पुस्तकाचा आधार नंतर कुणी घेतला, हे दाखवणाऱ्या सोयी आज उपलब्ध आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' हे संकेतस्थळ तर देशभरातले प्रबंध दाखवतं. तिथे आधी पाहिलं तर आपला विषय दुसऱ्या कुणी चार वर्षांपूर्वी संपवलाय का, हे नोंदणीआधीच कळतं. नंतर कळणं फार महाग पडतं.

नियतकालिकांच्या वर्गणीचा अडसरही बराच हलला आहे. 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' ही योजना केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. सरकारी उच्चशिक्षण संस्थांना त्यांचा लाभ. घरून ती वाचायला लॉगिन लागतं आणि तेही ग्रंथालयच देतं.

चॅटबॉटला विचारू नका असं मी म्हणणार नाही; विचारणारच आहात. पण तो नसलेले लेखही आहेत असं बिनधास्त सांगतो: लेखकाचं नाव, वर्ष, पृष्ठांक, सगळं जिथल्या तिथे. असा लेख शोधण्यात ग्रंथपालाचा दिवस जातो. रंगनाथन 1924 मध्ये गणिताची प्राध्यापकी सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाच्या वेळेबद्दल सूत्र नाही, म्हणून तो आपण वाचवायचा.

"आमच्या कॉलेजात ग्रंथपालच नाही, पद रिकामं आहे," असं कुणीतरी आत्ता मनात म्हणालं असेल. बरोबर आहे, आणि त्याची लाज शासनाला वाटली पाहिजे. तोवर विद्यापीठाचं ग्रंथालय गाठा. पुण्यात असाल तर जयकर ज्ञानस्रोत केंद्र. तिथे नसलेलं पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येतं का, ते विचारा. जाताना एका कागदावर तीन गोष्टी न्या: विषय दोन वाक्यांत, आतापर्यंत काय शोधलं, आणि कोणत्या शब्दांनी शोधलं. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. घोळ बहुधा तिथेच सापडतो. पुराभिलेखागारात जायचं असेल तर मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र लागेल. सही आजच घ्या. सुट्टी लागली की मार्गदर्शक कुठल्याही सूचीत सापडत नाहीत.