चित्रीकरणातील सातत्य
(खडकी येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणातून)

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे दिवसेंदिवस, एकेक चौकट असे चित्रण केले. कॅमेरा जागचा हलता, तर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते! ती चित्रफीत पाहूनच त्यांना भांडवल मिळाले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

आपल्या हाती आज मोबाइल आहे. समजा, खडकी बाजारातून एक मुलगा स्टेशनकडे निघाला आहे. पडद्यावर तो डावीकडून उजवीकडे चालतो. पुढचे दृश्य टिपताना आपण रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिलो, तर तोच मुलगा घरी परतत असल्याचा भास होतो. म्हणून त्याच्या मार्गाची रेषा मनात आखावी व कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावा. बाजू बदलायचीच असेल, तर मध्ये तो थेट समोरून येताना दाखवावा.

दप्तर कोणत्या खांद्यावर होते, सावली कुठे पडली होती, याची नोंद एकाने वहीत ठेवावी. हे काम दुय्यम समजून सर्वांत धाकट्यावर ढकलले जाते, ते मला मान्य नाही. चूक कळते ती संकलनाला बसल्यावर. तोवर परीक्षा संपून मित्र आपापल्या गावी गेलेले असतात.