थकवा म्हणजे आळस नव्हे
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या वस्तीत दोन वाक्ये नेहमी कानांवर येतात. आई म्हणते, "अंगात त्राणच नाही." मुलगा म्हणतो, "पुस्तक उघडलं की झोप येते." आईचे बोलणे कोणी मनावर घेत नाही आणि मुलाला आपण आळशी ठरवून मोकळे होतो. आजचे आमचे बोलणे या दोघांसाठी आहे.

शरीराचा थकवा ओळखू येतो. हमाली करणारा, बांधकामावर जाणारी बाई, यांना पोटभर अन्न आणि पुरेशी झोप मिळाली की तो बहुतेक सकाळपर्यंत उतरतो. मनाचा थकवा मात्र फसवा असतो. आम्ही बँकेत काम करणारे हे रोज पाहतो. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाने एक पिशवीसुद्धा उचललेली नसते, पण संध्याकाळी साधी बेरीज जुळत नाही आणि घरी गेल्यावर तो मुलांवर खेकसतो. त्याने आणखी पडून राहण्यापेक्षा अर्धा तास पायी फिरून यावे, त्याने जास्त उतार पडतो.

धम्मात पाच नीवरणे सांगितली आहेत. त्यांतले एक थीनमिद्ध, म्हणजे चित्ताचे मंदपण आणि पेंग. ही पेंग महामोग्गल्लानांसारख्या अग्रश्रावकालाही आली होती! मगधातील एका गावी ते साधनेला बसले असता डुलक्या घेऊ लागले. अंगुत्तर निकायात ही हकिगत आहे. तथागतांनी त्यांना दोष दिला नाही, उपाय सांगितले. ज्या विचाराने पेंग येते तो सोडावा, शिकलेला धम्म आठवावा, तो मोठ्याने म्हणावा, कान ओढावेत, हातपाय चोळावेत, उठून डोळ्यांवर पाणी मारावे, आकाशातील तारे पाहावेत, प्रकाशाची भावना करावी, चंक्रमण करावे. आणि एवढे करूनही पेंग गेली नाही तर? तर उजव्या कुशीवर खुशाल निजावे, फक्त उठण्याचे भान ठेवून. विद्यार्थ्यांनी हा शेवटचा उपाय नीट लक्षात घ्यावा.

दुसरी गोष्ट सोण कोळिविस यांची. चंपेच्या श्रीमंत घरातील हा सुकुमार तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. म्हणून तथागतांनी त्याला तारांचाच दाखला दिला : फार ताणलेली आणि फार सैल, दोन्ही तारा सुरात वाजत नाहीत. ही उपमा आपण सगळे सांगतो. पण त्यांनी त्याच्या पायांकडेही पाहिले आणि वहाणा वापरण्याची मुभा दिली, हे आपण सांगायचे विसरतो.

आता थोडे नाजूक बोलतो. जयंतीला सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. एका दिवसाची मानवंदना म्हणून ते आम्हांस मान्य आहेत. पण तोच वर्षभराचा नियम करून पोराने चार तास झोपावे, हे मान्य नाही. वाचलेले पक्के होते ते बरेचसे झोपेतच, आणि त्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. बाबासाहेबांनी देह झिजवला. अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ते त्रस्त होते. तेच बाबासाहेब मजूरमंत्री असताना बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ मध्ये त्यांनी मांडले. विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

राहिली आई. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागणे, चक्कर, फिकट ओठ ही त्याची चिन्हे. अशा बाईला "जरा उत्साही राहा" असे सांगून काय उपयोग? सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते १२ च्या खाली असले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही, लिंबू चालेल. विश्रांती घेऊनही थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर साखर आणि थायरॉईडही पाहावे. कशातच रस वाटत नसेल, मन सतत उदास असेल, तर तोही आजारच असू शकतो. त्यासाठी १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते.

या सभागृहातील किती भगिनींनी गेल्या वर्षभरात रक्त तपासले, हे आम्ही हात वर करून विचारणार होतो. पण समोर त्यांच्या सासवाही बसल्या आहेत. तेव्हा रविवारी कार्यकारिणीच्या बैठकीत विहारात तपासणी शिबिर घेण्याचा विषय आम्ही मांडणार आहोत. सूनबाईंबरोबर सासूबाईंनीही यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!