जम्बो विमानं का मागे पडली?

22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाच्या एका बोईंग 747ने मुंबईहून शेवटचं उड्डाण केलं. वर चढताना वैमानिकांनी विमान डावी-उजवीकडे कलवून शहराचा निरोप घेतला. विमान विकलं गेलं होतं आणि निघालं होतं अमेरिकेला. त्याआधी वर्षभर, जानेवारी 2023 मध्ये, बोईंगने शेवटचं 747 ग्राहकाच्या हवाली केलं होतं.

दुमजली एअरबस ए380चं आयुष्य तर आणखी छोटं. 2007 मध्ये ते प्रवासी सेवेत आलं आणि 2021 अखेर त्याचं उत्पादन थांबलं. एकूण 251 विमानं ग्राहकांना मिळाली, त्यातली 123 एकट्या एमिरेट्स कंपनीने घेतली.

असं का झालं? पूर्वी दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावरून फार लांब जायची परवानगी नसे. इंजिनं भरवशाची झाली, तसे नियम सैल झाले. मग बोईंग 787, एअरबस ए350 यांसारखी विमानं कमी इंधनात थेट लांबचं शहर गाठू लागली. 747 आणि ए380 यांच्या चार इंजिनांचं इंधन आणि देखभाल सोसायची, तर पाचशेच्या आसपास खुर्च्या रोज भरायला हव्यात. सणासुदीला त्या भरतात, एरवी कठीण. शिवाय ए380चे सुमारे 80 मीटर रुंदीचे पंख सामावणारे विमानतळही मोजकेच. माझ्या मते, हिशेब खरा बिघडला तो रिकाम्या खुर्च्यांमुळे.

तरीही कोविडनंतर नवी विमानं वेळेवर मिळेनात, तेव्हा लुफ्थांसा या विमान कंपनीने उभी करून ठेवलेली ए380 पुन्हा उडवायला काढली.