यंत्राचा निष्कर्ष आणि अधिकाऱ्याची सही

नेदरलँड्सच्या करखात्याने २०१३ पासून बालसंगोपन अनुदानाच्या अर्जांची छाननी करण्यासाठी स्वतः शिकणारी संगणकप्रणाली योजिली. अर्जदार परकीय नागरिक असला, की ती त्याला अधिक संशयास्पद ठरवीत असे. असे अर्ज तपासणीसाठी कर्मचाऱ्यापुढे येत. संशयाचे कारण मात्र त्याला कळत नसे. या अनुदानाच्या एकूण कारभारात फसवणुकीचा खोटा ठपका येऊन हजारो कुटुंबे कर्जबाजारी झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

तेव्हा शासकीय सेवकाला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याइतकेच तिला प्रश्न विचारण्याचेही शिक्षण मिळाले पाहिजे. निष्कर्षाचे कारण ज्याला सांगता येत नाही, त्याने त्याखाली सही करू नये. नागरिकाला उत्तर द्यावयाचे असते ते अधिकाऱ्याने, यंत्राने नव्हे.