अंगठा मुरगळला तर: पट्टी कधी बांधायची, कधी नाही

बोर्डीहून तुमची समन्वयक ताई बोलते आहे. गटाच्या बैठकीत आपण हप्ते, बचत, व्याज यावर बोलतो. आज मात्र ज्या हाताने आपण ती बचत कमावतो, त्या हाताच्या अंगठ्याविषयी बोलू या.

एक करून बघा. अंगठा तळहातात दुमडून ठेवा आणि उरलेल्या चार बोटांनी विळा धरा. नाही ना धरता येत? भाकरी थापणं, हंड्याची कड धरणं, बोंबील साफ करणं, चिकू देठापासून अलगद तोडणं, साडीच्या निऱ्या घालणं, सगळं अंगठ्यावर चालतं. हाताचं जवळजवळ निम्मं काम तो एकटा करतो, आणि दुखावला की आपण काय म्हणतो? "अंगठाच तर आहे, होईल बरा."

आपल्याकडे अंगठा दुखावतो तरी कसा? आवणीच्या दिवसात बांधावर पाय घसरतो आणि आपण हात टेकतो. शरीराचं सगळं वजन अंगठ्यावर येतं. गुरं बांधताना दावं अंगठ्याला गुंडाळलेलं असतं आणि गाय हिसका देते. चिकूच्या वाडीत शिडीवरून उतरताना हात निसटतो. भरलेल्या बादलीची कडी अंगठ्याला ओढून नेते. प्रत्येक वेळी होतं एकच: अंगठा बाहेरच्या बाजूला किंवा मागे, नको तेवढा वळतो.

अंगठ्याच्या बुंध्याशी जो सांधा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखे मजबूत बंध असतात. ते हाडांना जागच्या जागी धरून ठेवतात. अंगठा बाहेर वळला की तर्जनीकडच्या बाजूचा बंध ताणला जातो. थोडा ताणला तर त्याला आपण मुरगळणं म्हणतो. जास्त ताणला तर तो अर्धवट किंवा पूर्ण तुटतो. हे एकदम झालेल्या अपघातातच होतं असंही नाही. १९५५ साली कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडमधल्या शिकारीच्या रानांवरच्या रखवालदारांचे अंगठे तपासले. ससे मारण्याच्या त्यांच्या पद्धतीत अंगठ्यावर रोज तोच ताण येत होता, आणि त्याने त्यांचे बंध सैल पडले होते. म्हणजे कामानेसुद्धा अंगठा झिजतो, हे डॉक्टरांनी सत्तर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे.

आता मुख्य गोष्ट. पट्टी अंगठ्याला आधार देते, बरं करत नाही. बरं व्हायचं काम शरीर करतं. पट्टी फक्त अंगठ्याला पुन्हा बाहेर वळू देत नाही. त्यामुळे साध्या मुरगळण्याला पट्टी उपयोगाची आहे. पण बंध तुटला असेल किंवा हाड मोडलं असेल, तर वरून पट्टी बांधून आपण फक्त दिवस घालवतो. म्हणून पट्टी हातात घ्यायच्या आधी पाहणी करायची.

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली, तर घरी पट्टी बांधून थांबायचं नाही. दवाखान्यात जायचं.

अंगठा वाकडा दिसतो, किंवा दुखावला तेव्हा आतून 'कट्' असा आवाज आला.

बुंध्याशी मोठी सूज आली आहे आणि कातडी निळी-जांभळी पडली आहे.

चिमटीत जोर नाही. हे पाहायला एक कागद घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये किल्ली धरतो तसा धरा आणि दुसरीला हळूच ओढायला सांगा. मग चांगल्या हाताने तेच करा. दुखऱ्या हातातून कागद लगेच सुटत असेल, तर बंध तुटल्याची शंका घ्यायची. खूप दुखलं तर तिथेच थांबा. आणि अंगठा बाहेर वाकवून "बघू किती जातो" असं कुणीही करायचं नाही. अर्धा तुटलेला बंध तेवढ्याने पूर्ण तुटू शकतो.

हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ दुखतंय. अंगठा ताठ पसरला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या वर एक लहान खड्डा दिसतो. त्या खड्ड्यात दाबल्यावर दुखत असेल, तर खालचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. हे हाड फसवं आहे. पहिल्या एक्स-रेमध्ये त्याची चीर कधी कधी दिसत नाही. दुखणं राहिलं तर डॉक्टर दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. तेव्हा "एकदा काढला की" म्हणून टाळू नका.

विळा किंवा कोयता लागला आणि अंगठ्याचं टोक वाकत नाही किंवा सरळ होत नाही. तिथे आतली दोरी कापली गेलेली असते.

आणि किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनो, शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा घुसला असेल, तर त्यावर चिकटपट्टी मुळीच नको. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, म्हणजे कळ कमी होते. पाणी किती गरम आहे ते आधी चांगल्या हाताने बघा. मग जखम उघडीच ठेवून दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. मधुमेह असणाऱ्या बाईने तर अजिबात थांबू नये.

बंध पूर्ण तुटला तर घाई का करायची, तेही सांगते. तुटलेलं टोक कधी कधी शेजारच्या स्नायूच्या पापुद्र्याबाहेर अडकतं. मग दोन टोकं आपोआप जुळतच नाहीत, कितीही दिवस बांधून ठेवा. त्याला लहानशी शस्त्रक्रिया लागते. ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाली तर चांगला गुण येतो. "आवणी उरकली की जाऊ", "लग्नसराई झाली की जाऊ" म्हणत दोन-तीन महिने गेले, तर चिमटीचा जोर कायमचा जाऊ शकतो.

यातलं काहीच नसेल, फक्त दुखतंय, थोडी सूज आहे, पण चिमूट घट्ट धरता येते, तर घरी काळजी घ्यायला हरकत नाही.

पहिलं काम, अंगठी काढा. बांगड्याही दुसऱ्या हातात घाला. सूज चढली की त्या निघत नाहीत आणि मग कापाव्या लागतात. पहिले दोन दिवस थंड शेक. मासळीवाल्यांकडचा बर्फ चालेल, पण पिशवीत घालून, वर फडकं गुंडाळून. दर दोन-तीन तासांनी दहा ते पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. बसताना, झोपताना हात उशीवर उंच ठेवा. या दोन दिवसांत गरम शेक नको, तेल लावून चोळणं नको, कुणाकडून अंगठा ओढून "बसवून" घेणं तर नकोच. हळद-चुन्याचा लेपही टाळा. चुन्याने कातडी भाजते आणि नंतर पट्टी चिकटत नाही. सूज वाढत असताना कडक पट्टी आवळायची नाही. तोवर क्रेप बँडेज सैलसर गुंडाळा.

दोन दिवसांनी सूज थांबली की चिकटपट्टी. मेडिकलमध्ये एक इंच रुंदीची, न ताणणारी कापडी चिकटपट्टी मागा. लाइटची काळी टेप आणि सेलोटेप वापरू नका. त्याखाली घाम साचतो आणि कातडी सोलते. एका हाताने हे जमत नाही, म्हणून शेजारणीला किंवा मुलीला बसवा आणि मी सांगते तसं करा.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. जखमेवर किंवा पुरळ आलेल्या कातडीवर पट्टी लावायची नाही. अंगठा कसा ठेवायचा? पाण्याचा पेला धरल्यासारखा, सहज. ताठ नाही आणि आत दाबलेलाही नाही.

पहिली पट्टी मनगटाभोवती एक वेढा. घड्याळ बांधतो तिथे, सैलसर. हा झाला पाया.

दुसरी पट्टी महत्त्वाची. ती मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूने सुरू करा. अंगठ्याच्या बुंध्यावरून तिरकी वर न्या, म्हणजे ती अंगठ्याच्या पाठीवर येईल. तिथून अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून तळहाताच्या बाजूला काढा. आता अंगठ्याला वळसा घालून बाहेरच्या कडेने परत पाठीवर आणा. तिथे ती आधीच्या पट्टीला फुलीसारखी छेदेल. मग ती तिरकी खाली नेऊन मनगटाच्या मागच्या बाजूला चिकटवा. थोडक्यात, मनगट आणि अंगठा मिळून मराठी आठाऐवजी इंग्रजी आठाचा आकडा झाला, दोन गोलांचा. फुली दुखऱ्या सांध्यावर, अंगठ्याच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी. बेचक्यात कापसाचा पातळ तुकडा ठेवला तर घासत नाही.

अशाच आणखी दोन पट्ट्या, प्रत्येक आधीच्या पट्टीला निम्मी झाकत, थोडी मनगटाकडे सरकलेली. शेवटी मनगटाभोवती पुन्हा एक वेढा, सगळी टोकं दाबून धरायला. अंगठ्याचं टोक आणि नख उघडंच राहू द्या.

नख उघडं का? तपासायला. नख दाबा, पांढरं होईल. सोडा, दोन सेकंदात गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं, टोक गार पडलं, बधिर झालं, मुंग्या आल्या, तर पट्टी लगेच काढा. "थोड्या वेळाने सैल होईल" म्हणून वाट बघू नका. आता रेशन दुकानात यंत्रावर अंगठा द्यायचा असेल तर? पट्टी सोडायची गरज नाही. आधारला आपल्या दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, दुसरं बोट लावा.

पट्टी कामाच्या वेळी ठेवा, रात्री काढा. भिजली तर बदला, कारण ओल्या पट्टीखाली कातडी कुजते. काढताना खसकन ओढू नका. कडेला खोबरेल तेल लावा, थोडा वेळ थांबा आणि केसांच्या दिशेने हळू सोडवा. खाज आली, पुरळ आलं, तर काही दिवस क्रेप बँडेजवरच भागवा. पट्टी आहे म्हणून हंडा उचलायचा, गोळी खाऊन दुखणं दाबायचं आणि कामाला लागायचं, असं मात्र करू नका. पाच-सात दिवसांत काहीच फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. साधं मुरगळणंसुद्धा पूर्ण बरं व्हायला दोन ते सहा आठवडे घेतं. दुखणं गेलं की अंगठा रोज थोडा वाकवा, सरळ करा, करंगळीच्या टोकाला लावून बघा. नंतर कणकेचा गोळा दाबून जोर आणा.

आणि कुठे पडला नाहीत, काही लागलं नाही, तरी अंगठ्याकडून मनगटावर दुखतंय, बाळाला उचलताना किंवा फडकं पिळताना कळ येते? ते दुखणं वेगळं. तिथल्या दोऱ्यांना सूज आलेली असते. तान्ह्या बाळाच्या आयांना ते पुष्कळदा होतं. त्यालाही विश्रांती लागते, पण उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

शेवटी गटाचं काम. बाई दवाखान्यात का जात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, घरचं कोण बघणार. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपल्याला जवळचं म्हणजे डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, तलासरीकडच्यांना तिथलं ग्रामीण रुग्णालय. राहिला प्रश्न भाड्याचा आणि सोबतीचा. तो गट सोडवू शकतो. भाड्यापुरतं अंतर्गत कर्ज त्याच दिवशी द्या, बैठकीची वाट न पाहता. एक जण तिच्याबरोबर जा, दुसरी तिचं पाणी भरून ठेवा. आणि गटाच्या पेटीत हिशोबाच्या वहीशेजारी एक कापडी चिकटपट्टी, एक क्रेप बँडेज, कापूस आणि कात्री ठेवा. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दोघी-दोघींनी बसून एकमेकींच्या अंगठ्याला पट्टी बांधून बघा. ऐकून निम्मं कळतं, हाताने केलं की पूर्ण कळतं.

आपण सही शिकलो, म्हणून कागदावर अंगठा उठवायची वेळ आता येत नाही. पण विळा, लाटणं आणि हंडा अजून त्याच अंगठ्याने धरायचा आहे. त्याला जपा, मैत्रिणींनो.