भिंतीपलीकडचं वाय-फाय

न्हाणीला आपण साडीचा आडोसा करतो. पण वाय-फायच्या लहरी भिंतीतूनही जातात. माणूस हलला की त्यांत फरक पडतो. तो मोजून घरात कुणी आहे का, हे कॅमेऱ्याशिवाय कळतं. अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्येच हे करून दाखवलं. म्हातारं माणूस पडलं तर कळावं, हा उपयोग चांगलाच. पण आपण ऊसतोडीला कारखान्यावर, घरी एकटी लेक. हे भलत्याच कुणाला कळलं तर? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलंय.

गटाच्या खोलीत वाय-फाय बसवणाऱ्याला आम्ही विचारलं, "दादा, सेटिंगचा पासवर्ड कुणाकडं?" "माझ्याकडंच असतो, ताई." तिथंच बदलून घेतला. बाहेरून लहरी टिपणाऱ्याला मात्र पासवर्डही अडवत नाही. म्हणून रात्री खोलीला कुलूप लावताना डबा बंद करतो.